गेंडा प्रिटोरियात, आम्ही लिंपोपोच्या काठावर

“खरा गेंडा प्रिटोरियाला असतो, मॅडम. इथं आहे ती प्रतिकृती.”

गाइडनं हे इतक्या सहज सांगितलं की मी भावाकडे पाहायचंच टाळलं. पहाटे चारला आम्ही निघालो ते त्याच्या प्रिटोरियातल्याच घरातून. पोलोक्वाने, पुढे मकरवृत्ताची पाटी, मग मुसिना, असे जवळपास पाचशे किलोमीटर. “ताई, मापुंगुब्वे मापुंगुब्वे तूच करत होतीस,” एवढंच तो म्हणाला. खरं होतं. मापुंगुब्वे म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या एका राज्याची टेकडी. तिच्याबद्दल मी भरपूर वाचून आले होते, फक्त तिथं सापडलेल्या सोन्याच्या गेंड्याचा मुक्काम कुठे हे पाहायचं राहिलं होतं.

पण आलोच होतो, आणि जागा अशी की चिडचीड फार वेळ टिकेना. लिंपोपोला इथं शाशे नदी मिळते. संगमाच्या अलीकडे दक्षिण आफ्रिका, पलीकडे एका अंगाला बोट्स्वाना, दुसऱ्या अंगाला झिंबाब्वे. आपल्याला संगम म्हटलं की घाट, देऊळ, निदान दोन होड्या तरी लागतात. इथं मैलभर वाळू, मधोमध पाण्याची एक रेघ आणि त्या रेघेकडे निवांत चाललेले हत्ती. काठाला गोरखचिंचेची झाडं. वसईकडे आणि मुंबईत जी एखाददुसरी जपून ठेवलेली दिसते, ती इथं बाभळीसारखी कुठंही.

टेकडी तशी बुटकी. वालुकाश्माची, माथा सपाट, कडे सरळ तुटलेले. गाइडशिवाय वर सोडत नाहीत. आता लाकडी जिना केलाय, पण गाइडनं जुनी वाट दाखवली: खडकातली एक चीर, तिच्या दोन्ही अंगांना खोबण्या. त्यात आडव्या दांड्या बसवून माणसं चढायची. वर राजा आणि त्याचा गोतावळा, पायथ्याशी बाकीची वस्ती. १२२० च्या आसपास हे राज्य इथं उभं राहिलं. तेव्हा आपल्याकडे देवगिरीला सिंघण यादव गादीवर होता. ज्ञानेश्वरांच्या काळापर्यंत इथला कारभार आटोपत आला, आणि व्यापाराचा ओघ उत्तरेला ग्रेट झिंबाब्वे या दगडी नगराकडे वळला.

माथ्यावर खडकात कोरलेल्या खळग्यांच्या ओळी दिसल्या आणि मी खालीच बसले. आपल्या लेण्यांत आणि गडांवर मंकळ्याचे पट कोरलेले असतात ना, तसाच खेळ! सोंगट्या म्हणून मी चार खडे टाकले. गाइड हसला, पण लगेच उचलायला लावले.

१९३२ च्या ३१ डिसेंबरला व्हॅन ग्रान बापलेक आणि त्यांचे सोबती या टेकडीवर चढले, ते खजिना शोधायलाच. वाट दाखवणारा मोवेना हा इथलाच माणूस. टेकडी पवित्र, तिकडे बोटही दाखवायचं नाही, असा इथल्या लोकांचा रिवाज होता. सोनं सापडलं आणि त्यांनी ते आपसात वाटूनही घेतलं. पण मुलगा प्रिटोरिया विद्यापीठात शिकलेला. त्यानं आपल्या प्राध्यापकांना, लिओ फुशे यांना कळवलं आणि म्हणून हे सोनं मुशीत जाता जाता वाचलं. १९३३ पासून विद्यापीठानं खोदकाम सुरू केलं. राजघराण्यातली माणसं इथं बसलेल्या स्थितीत पुरलेली सापडली, अंगावर सोन्याचे आणि काचेचे मणी. त्यांच्या अस्थी कित्येक वर्षं संशोधनाच्या कपाटांत होत्या. २००७ मध्ये त्या परत आणून इथंच पुरल्या.

काचेच्या मण्यांपाशी मी जरा जास्त रेंगाळले. इथून हस्तिदंत आणि सोनं समुद्राकडे जायचं, बदल्यात मणी आणि कापड यायचं. यातले बरेच मणी भारतातले. शेजारच्या के-२ या आधीच्या वस्तीतले कारागीर तर हे बारीक मणी वितळवून, मातीच्या साच्यात ओतून त्यांचे जाडजूड मणी करायचे. अल-मसूदी हा अरब प्रवासी या राज्याच्या तीनशे वर्षं आधीचा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो फिरला, सोफाल्याच्या सोन्याबद्दल आणि तिथून ओमानमार्गे हिंदुस्थानात जाणाऱ्या हस्तिदंताबद्दल त्यानं लिहिलं. साधारण त्याच सुमाराला, ९१६ मध्ये, तो सैमूरलाही होता. सैमूर म्हणजे आपलं चौल. अलिबागला जाताना ज्या चौलला आपण नारळपाण्यासाठी गाडी थांबवतो, तेच.

दोन दिवसांनी प्रिटोरियात विद्यापीठात गेलो. या वेळी वहिनीही आली.

गेंडा माझ्या वितीएवढाही नाही. मान खाली घातलेली, खांदे भरदार, शेपटी ताठ, एकच शिंग. मी सोनाराच्या घरची लेक, त्यामुळे माझी नजर आधी कामावर गेली. ओतीव नाही, पत्र्याचं काम. सोनं ठोकून कागदासारखं पातळ केलेलं, लाकडी गाभ्यावर चढवलेलं आणि सोन्याच्याच इवल्या चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी बसवलेलं. लाकूड केव्हाच मातीत गेलं. आमच्याकडे देव्हाऱ्याच्या चौकटीवर चांदीचा पत्रा असाच चढवतात. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख. थोड्या सोन्यात मोठा दागिना दिसावा म्हणून सोनारानं केलेली युक्ती, दुसरं काय! त्याच कबरीत सापडलेला सोन्याचा वाडगा आणि राजदंडही बाजूला होते.

एका शिंगावरून काहीजण हा भारतीय गेंडा असावा असं म्हणतात, कारण आफ्रिकेतल्या गेंड्यांना दोन शिंगं. ऐकायला छान वाटतं, पण मला नाही पटत. ज्याच्या दारातून गेंडे जात होते त्यानं समुद्रापलीकडचा गेंडा कशाला घडवावा? कारागिरानं एकच शिंग मोठं केलं, झालं.

गंमत म्हणजे वर्णभेदाच्या काळातली इथली पाठ्यपुस्तकं सांगायची की गोरे आले तेव्हा हा प्रदेश जवळजवळ रिकामाच होता, काळे लोकही त्याच सुमारास उत्तरेतून येत होते. आणि १९३३ पासून त्याच देशाच्या विद्यापीठात हा गेंडा ठेवलेला. सामान्य माणसाला तो नीट पाहता येईल असं संग्रहालय उघडलं ते २००० साली. देशाच्या सर्वोच्च सन्मानाला आता ‘ऑर्डर ऑफ मापुंगुब्वे’ म्हणतात. २००२ मध्ये तो सुरू झाला आणि पहिला नेल्सन मंडेलांना मिळाला.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. वय शहाऐंशी, दुकान कधीच बंद झालंय, पण सोनं म्हटलं की कान टवकारतात.

“झाळ कुठे दिसते?” झाळ म्हणजे डाक देऊन केलेला जोड.

“झाळ नाहीच बाबा, चुका मारल्यात.”

“सोन्यावर सोन्याच्या?” ते जरा गप्प झाले. “डोकी केवढी आहेत चुकांची? मोजल्यास किती?”

मोजल्या नव्हत्या. परत आत गेले, काचेला नाक लावून पोटाच्या बाजूनं सुरुवात केली. तेवढ्यात शाळेची सहल आली, चाळीसेक पोरं, आणि गेंड्याभोवती त्यांची डोकीच डोकी. वहिनी दारातून हाक मारत होती, “ताई, चला, पार्किंगची वेळ संपली!”