एका कोयत्याची दोन उत्तरं

मे महिना होता. ऊसतोडीची माणसं नुकतीच गावी परतली होती. बीड जिल्ह्यात, धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीत आमचं सर्वेक्षण चालू होतं. जमीन, कर्ज, दवाखाना असं विचारत शेवटी समाधानावर यायचं. त्यासाठी शिडीचं चित्र: तळाला ०, टोकाला १०. टोकाला तुमच्या मते सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाला सगळ्यात वाईट. तुम्ही कुठल्या पायरीवर? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची ही शिडी. देशांच्या आनंदाची क्रमवारी याच प्रश्नावर लागते; २०२५ साली १४७ देशांत भारत ११८वा होता.

नवऱ्याने चित्राकडे न बघताच सांगितलं, "तीन." उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली नव्हती. हंगामात तो तापाने पडला, त्याचे खाडे लागले (काम बुडलं की मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो), आणि बाकी पुढच्या सालावर गेली. दिवाळीनंतर कुणाच्या टोळीत जायचं, ते मे महिन्यातच ठरून गेलं होतं.

बायकोने कार्ड हातात घेतलं. "ह्यांचं धरून सांगू, का माझ्या एकलीचं?"

तिचं बरोबरच होतं. मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, उचलही जोडीची.

"एकलीचं सांगा, ताई."

"मग सात."

नवरा हसला. "सात कशाचे गं?"

"पोरगी फडावर नव्हती औंदा."

थोरली आजीपाशी राहून शाळेत जात होती. आधीच्या साली धाकट्याला सांभाळायला तिला सोबत न्यावं लागे. "कोपीला दार नसतंय, म्याडम. पहाटं अंधारात पोरीला मागं टाकून निघायचं. ऊस तोडताना सगळं ध्यान तिकडंच." कोपी म्हणजे फडाजवळची तात्पुरती झोपडी.

आमच्याकडे शेळ्यांपासून मोबाइलपर्यंत सगळ्याला रकाने होते, या धास्तीला नव्हता. गरीब माणसं थोड्यातच सुखी असतात, हे वाक्य शहरात फार ऐकू येतं. मला त्याची चीड आहे. वरच्या तीन पायऱ्यांवर काय हवंय, तेही तिने लगेच सांगितलं: उचल फिटावी, उन्हाळ्यात हातपंपाला पाणी राहावं, कंबर दुखायची थांबावी.

रात्री पर्यवेक्षकांचा फोन आला. एकाच घरात तीन आणि सात कसे? एकदा परत विचारून बघता का? मी नाही म्हटलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात मुलीची शाळा लिहून फॉर्म पाठवून दिला.