शिरोळचं जर्नल: परीक्षक कुठून आणायचे?

कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला एकत्र येतात. पूर चढला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी गावांचे रस्ते तुटतात आणि गावाचं बेट होतं. २००५, २०१९, २०२१ च्या पुरांवर बाहेरच्यांनी भरपूर लिहिलं. इथल्या माणसांची टिपणं मात्र वह्यांतच राहिली. कुणी भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजून ठेवल्यात, कुणी उसाची कुठली जात बुडाल्यावर किती दिवस तगली ते लिहून ठेवलंय. हे तपासून छापणारं मराठी जर्नल काढायचं आम्ही काही जणांनी ठरवलं.

कागदपत्रांची भीती फुकाची निघाली. ‘आधी दिल्लीहून नाव मंजूर करून आणा’ असं जो तो सांगत होता. पण १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्यात शास्त्रीय, तांत्रिक आणि शैक्षणिक जर्नल वगळलेली आहेत. आयएसएसएन हा जर्नलची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक दिल्लीच्या निस्पर या संस्थेकडून मिळतो, तोही फुकट. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा लागतो, एवढंच. त्याच्यासाठी पैसे मागणारे एजंट भेटतात, त्यांना लांबूनच रामराम करावा. शिवाय तो क्रमांक म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे. आमच्यातल्याच एकांना हे पटवताना नाकी नऊ आले.

प्राध्यापक मंडळींचा पहिला प्रश्न, ‘यूजीसी केअर यादीत आहे का?’ विद्यापीठ अनुदान आयोगाची ती मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तरी सवय जाईना. म्हणून सुरुवातीचे लेख आले ते शाळामास्तर, कृषी सहायक आणि निवृत्त पाटकऱ्यांचे. माझ्या मते हे बरंच झालं.

खरी पंचाईत परीक्षणाची. लेखकाचं नाव झाकून लेख परीक्षकाकडे पाठवायचा, हा नियम कागदावर छान दिसतो. इथे दुसऱ्या परिच्छेदातच कळतं, ‘अरे, हा तर आमच्या मेव्हण्याच्या गल्लीतला!’ मग गोड अभिप्राय तरी येतो, नाहीतर जुनं भांडण तरी. शेवटी असं ठरवलं की एक परीक्षक इथला आणि एक पार बाहेरचा, विदर्भातला किंवा कोकणातला. इथला तपशील तपासतो, बाहेरचा पद्धत.

त्याची पहिली कसोटी लागली अलमट्टीच्या लेखावर. पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानेच येतो, हे आमच्याकडे देवाच्या वचनासारखं मानतात. बाहेरच्या परीक्षकाने दोनच गोष्टी विचारल्या: धरणाची आणि कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची रोजची पाणीपातळी कुठे आहे, आणि पुराची कारणं तपासणाऱ्या सरकारी वडनेरे समितीचा अहवाल वाचलाय का? लेख परत गेला. लेखक काही दिवस माझ्याशी बोलेनात.

आता ते पाटबंधारे खात्याकडून आकडे मिळवतायत, लेख पुढच्या अंकाला देणार म्हणतात. भेटले की खांद्यावर हात टाकून विचारतात, ‘सर, तेवढं सांगा की, तपासणारा कोण हुता?’