पाण्याकडे पाठ फिरवल्यावर

रविवार, रात्र

काल तळ्याकाठी एका लग्नाचे छायाचित्रण केले. समारंभ सूर्यास्ताच्या ४० मिनिटे आधी आटोपेल असे ठरले होते. प्रत्यक्षात सुरुवातच उशिरा झाली आणि मी योजलेला सगळा क्रम विस्कटला. सूर्यबिंब आपल्याला जेमतेम अर्धा अंश रुंद दिसते आणि आकाश ताशी १५ अंश सरकते, त्यामुळे बिंबाची कडा क्षितिजाला टेकल्यापासून ते दिसेनासे होईपर्यंत, सूर्य सरळ खाली उतरत असेल तर, दोनच मिनिटे हाती असतात. तिरका उतरत असेल तर थोडी अधिक. हे गणित मला तोंडपाठ आहे, तरीही त्या दोन मिनिटांत दर वेळी छातीत धडधडते.

वधू-वर पाण्याकडे पाठ करून उभे होते. अशा वेळी आकाशाचे रंग राखायचे तर माणसे काळवंडतात आणि माणसे उजळायची तर आकाश पांढरे पडते. मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, आकाशाला धरून ठेवले आणि फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून अगदी हलका प्रकाश दोघांच्या चेहऱ्यांवर टाकला. जेल नसते तर त्या तांबूस उजेडात त्यांचे चेहरे निळसर आणि परके दिसले असते. काही छायाकृतीही, म्हणजे उजळ आकाशापुढच्या नुसत्या काळ्या आकृती, टिपल्या. त्या देखण्या आल्या आहेत, पण त्यांतली माणसे कुणीही असू शकतात, म्हणून छायाकृतींचा मला पूर्वीइतका मोह राहिलेला नाही.

मग मी मागे वळले. जो प्रकाश वधू-वरांच्या पाठीवर पडत होता, तोच पाहुण्यांच्या थेट तोंडावर येत होता. मावळतीचे किरण हवेच्या कितीतरी जाड थरातून येतात, वाटेत निळा रंग विखरून जातो आणि उरतो तो तांबूस, मऊ उजेड. पाण्यावरून उसळून तो खालूनही येतो, त्यामुळे भुवयांखालच्या आणि हनुवटीखालच्या सावल्या भरून निघतात. दुसऱ्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून, तळहाताचा आडोसा धरून समोर पाहत होते. बोटांच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या तीन बारीक रेघा त्यांच्या गालावर उमटल्या होत्या आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. मी त्यांचे सात फोटो काढले. बिंब बुडाले तेव्हा माझी पाठ तळ्याकडे होती, आणि त्याची मला मुळीच खंत नाही.

आजचा दिवस जतन करण्यात गेला. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, ८ बिटच्या जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या लहान फाइलमध्ये, फक्त २५६. संध्याकाळचे आकाश पुढे कुणी थोडे उजळायला गेले की हा फरक पट्ट्यापट्ट्यांनी दिसू लागतो. म्हणून मूळ रॉ फाइली मी पुसत नाही. तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्याच ठिकाणी, हा नेम मी कितीही दमले तरी मोडत नाही.

पण प्रती राखल्या म्हणजे आठवणी राखल्या असे मला वाटत नाही. आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये आईच्या शेजारी एक बाई उभी आहे. फोटो इतका स्वच्छ आहे, की तिच्या हातातल्या रुमालाची नक्षीसुद्धा मोजता येते, मात्र ती कोण हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. आई होती तोवर विचारायचे राहून गेले. तेव्हापासून प्रत्येक लग्नानंतर मी घरातल्या कुणाला तरी गाठते आणि फोटोच्या फाइलीतच माहितीसाठी जो रकाना असतो, त्यात माणसांची नावे लिहून ठेवते.

आज वधूच्या मावशींना फोटो पाठवून फोन केला. कपाळावर चष्मा असलेले ते आजोबा कोण, असे विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या. “अगं, ते आमच्या शेजारचे मास्तर. तिला पोहायला त्यांनीच शिकवलं, याच तळ्यात.”

नावापुढे मी हे वाक्यही जसेच्या तसे लिहिले. अजून तिसरी आणि चौथी रांग बाकी आहे. मावशींनी उद्या संध्याकाळी पुन्हा फोन करायला सांगितले आहे.