गाल बसवायची विद्या

कॉन्टूर म्हणजे काय तर तोंडावर सावली रंगवायची, बास. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जाते, पण व्हिडिओवाल्या पोरी हे सांगतच नाहीत, त्या डायरेक्ट तीनचा आकडा काढायला लावतात, कपाळाच्या कडेवरून गालाखाली, तिथून जबड्यावर, नि मग स्पंज घेऊन थपथप थपथप, झालं म्हणे.

आता सावलीचा रंग पाहा कसा असते, जरा राखाडीकडे झुकणारा. ब्रॉन्झर तांबूस असते, ते ऊन लागल्यासारखं दिसावं म्हणून, त्याचं काम वेगळं. नि ऑनलाईन मिळणाऱ्या स्टिकांमधल्या कितीतरी शेड गोऱ्या कातडीचा हिशोब धरून केलेल्या, आपल्या सावळ्या गालावर एकतर दिसतच नाही किंवा गेरू फासल्यासारखं दिसते. मी सरळ मॅट तपकिरी आयशॅडो घेतली, लालसर नको, चमक तर अजिबात नको, नि आपल्या रंगापेक्षा एक-दोन शेडच गडद. मस्त चालते, नि स्वस्त पण.

जागा शोधायला गाल आत ओढून माशासारखं तोंड करायला सांगतात, त्यापेक्षा बोटानं हाड चाचपा. कानाजवळून हाडाच्या जरासं खालून ब्रश आणायचा नि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ रेषेत आला की थांबायचं, तोंडापर्यंत ओढत न्यायचं नाही. पुसायचं वरच्या बाजूला, खाली पुसलं की तोंड ओघळल्यावाणी दिसते.

मी हे करून राहिली होती तर आजी दारातून म्हणे, "काहून वो, बिमार आहेस का, गाल कुठं गेले?" तिचं पण बरोबर आहे म्हणा! आमच्या इकडे भरलेले गाल म्हणजे खात्यापित्या घरची, पोरगी वाळली तर सारं गाव विचारते, नि मी पैसे खर्चून गाल बसवून राहिली. खरंच ज्यांचे गाल आधीच बसलेले आहेत त्यांनी हे करूच नये, नुसतं ब्लश लावा.

तशी ही विद्या आपल्याला काही नवीन नाही बरं. किम कार्दाशियनच्या फोटोंनी २०१२ च्या आसपास घराघरात गेली ते ठीक, पण आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, रात्रभर नाटक चालते, नि मंडपामागे मेकअपवाला भाऊ हेच करत बसलेला असते. एकदा विचारलं तर म्हणे, "लाईट समोरून मारते ना, तोंड सपाट होते, मागच्या माणसाले नाक दिसाले पाहिजे का नाही?" मला तर कोणत्याच व्हिडिओपेक्षा हे जास्त समजलं. सपाट उजेडानं जी सावली खाल्ली ती परत काढून द्यायची. म्हणूनच स्टेजवरचा मेकअप जवळून पाहिला की भुतावाणी वाटते, नि तोच हात दुपारच्या लग्नात नवरीवर मारला तर उन्हात पट्टे दिसतात. दिवसाचं लग्न असेल तर खिडकीसमोर बसून करा, ट्यूबलाईटखाली करून बाहेर नका येऊ.

नि लग्न आमच्याकडे कधी, तर भर उन्हाळ्यात, ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर, मंडपात कूलर असला तरी घाम काही थांबत नाही. क्रीमचा कॉन्टूर तिथं सरकतेच, म्हणून पावडरच बरी. क्रीम लावायचंच असेल तर पावडरच्या आधी लावा, पावडरवर क्रीम घासलं की ढेपळं होतात.

कपाळाच्या कडांचं मी नवरीला सोडूनच देते, मुंडावळ्या येतात तिथं. नाकाचं पण तसंच, दोन्ही बाजूनं बारीक रेघा ओढून अर्धा तास घालवा नि मग वरून एवढी मोठी नथ, कोण पाहते मग नाकाकडे! जबडा तेवढा हलक्या हातानं करते, हनुवटीखाली मानेपर्यंत नीट मिसळून, नाहीतर फोटोत मुखवटा लावल्यासारखा कट दिसते नि फोटोवाला पैसे घेऊनही तो काढून देत नाही.