आमची वाटचाल : जाम किकवाल्यांचं गॅरेज

कोल्हापुरात जुनी गाडी बाळगणाऱ्याला आमचा पत्ता सांगावा लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात शिरा आणि कुठल्याही लेथवाल्याला 'जाम किकवाले कुठं?' म्हणून विचारा, तो मान वर न करता हात दाखवील. अडकलेल्या किक सोडवतो म्हणून हे नाव लोकांनी पाडलंय. पाटीवर फक्त 'बुलेट, जावा, येझदी, राजदूत' एवढंच लिहिलेलं आहे.

१९९४ साली एका टर्नरच्या शेडचा पुढचा कोपरा भाड्यानं घेतला. मी आणि माझा भागीदार. तो इंजिनातला, मी गिअरबॉक्समधला. १९९६ ला म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला आणि येझदीवाल्यांचे हाल सुरू झाले. आम्हाला मात्र उद्यमनगर पावलं. घासलेला किक सेगमेंट, म्हणजे किकच्या दांड्यावरचा दातेरी तुकडा, हातात घेऊन चार पावलं चाललं की तसाच दात्याला दाता कापून देणारा माणूस भेटायचा. जावा-येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. पहिला मार सेगमेंटच्या पहिल्या दात्यावर बसतो. तो दाता बोथट झाला की समोरच्या गिअरच्या डोक्यावर चढून बसतो आणि किक अर्ध्यात अडकते. असे सेगमेंट आम्ही किती केले त्याचा हिशेब नाही. त्यावर बरीच वर्षं सुखात गेली. पोरांची शिक्षणं झाली, शेड आमची झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हत्यारांचं मात्र सांगतो. आमच्या भिंतीवर विटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाच्या, पान्यांचा सेट आहे, जुन्या बाजारातून एकेक करत जमवलेला. जुन्या बुलेटला तेच लागतात. पान्यावर १/४ डब्ल्यू लिहिलेलं असतं म्हणून तोंड पाव इंचाचं नसतं. तो आकडा बोल्टचा. पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून थोडं मोठं, म्हणजे सव्वातेरा मिलिमीटरच्या आसपास. तेराचा पाना चढत नाही, चौदाचा ढिला बसतो. आजकालची पोरं चौदाचा लावून जोर करतात आणि नट गोल करून ठेवतात. मग छिन्नी आणि हातोडा. गाडी आली की मी आधी नटांच्या कडा बघतो. आधी कुणाच्या हातात गेली होती ते तिथंच कळतं.

भागीदार वेगळा झाला तेव्हा आम्ही कागद केला नव्हता. पुलर, व्हॉल्व्ह लिफ्टर, टॉर्क पाना, सगळं तो घेऊन गेला आणि हाकेच्या अंतरावर स्वतःचं गॅरेज काढलं. विटवर्थचे पाने राहिले ते फक्त त्या दिवशी माझ्या घरी होते म्हणून. धंदा ज्याचा त्यानं करावा, माझी ना नव्हती. पुढं जे झालं त्याबद्दल मात्र बोलणार.

ताराबाई पार्कातले एक वकीलसाहेब. त्यांची वडिलांच्या वेळची बुलेट, उजव्या बाजूला गिअर असलेली. किक एक इंचही खाली जाईना. भागीदाराच्या गॅरेजात सांगितलं, इंजिन सीझ झालंय, म्हणजे पिस्टन आतच धरलाय, सिलिंडर आतून घासून (बोअर करून) नवा पिस्टन घालावा लागेल. इंजिन उतरलं, बोअर झाली, पिस्टन आला, बिल झालं. सगळं परत चढवल्यावर किक तिथंच. वकीलसाहेबांनी गाडी टेम्पोत घालून आमच्याकडं आणली.

आता किक जाम झाली की आधी काय बघायचं? किक अडलीय की इंजिन अडलंय, एवढंच. प्लग काढा. गाडी मेन स्टँडवर घ्या, वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हातानं फिरवा. चाक फिरलं आणि प्लगच्या भोकातून हवा फुसफुसली, तर इंजिन मोकळं आहे, दुखणं किकमध्ये. न्यूट्रलला चाक फिरतं पण गिअरमध्ये हलत नाही, तर इंजिन धरलंय. याला पाव तास लागतो आणि प्लगचा पाना सोडला तर काहीही लागत नाही. वकीलसाहेबांच्या समोर मी हेच केलं. चाक गरगर फिरलं. ते काही बोलले नाहीत, पण खिशातून जुनं बिल काढून त्याची घडी उलगडत बसले.

बुलेटच्या जुन्या चार गिअरच्या बॉक्समध्ये किकच्या शाफ्टवर एक पॉल, म्हणजे छोटा खटका, असतो. तो पहिल्या गिअरच्या आतल्या रॅचेटमध्ये (एकाच दिशेनं धरणाऱ्या दात्यांत) अडकून इंजिन फिरवतो. किक वर आली की एक स्टॉप प्लेट त्या पॉलला खाली दाबून दात्यांतून सोडवते. ही प्लेट ढिली झाली किंवा तुटली की पॉल सुटतच नाही. बाहेरचं कव्हर काढलं की रिटर्न स्प्रिंग दिसते. पॉल बघायचा तर आतलं कव्हरही काढावं लागतं. पण इंजिन जागेवरच राहतं, क्लचलासुद्धा हात लावावा लागत नाही. आत प्लेटचा एक तुकडा, नखाएवढा, रॅचेटच्या दोन दात्यांत पाचर मारल्यासारखा बसला होता. मी तो चिमट्यानं काढून वकीलसाहेबांच्या तळहातावर ठेवला. (किक जाम न होता नुसतीच फिरत असेल तर उलटं असतं. जुनं ग्रीस घट्ट होऊन पॉलला खाली धरून ठेवतं, वर येऊ देत नाही.)

वकीलसाहेब तो तुकडा घेऊन तिकडं गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर भागीदाराच्या तोंडून बाजारात उठलं की आम्ही जुन्या गाड्यांचे ओरिजिनल पार्ट काढून घेतो. गाडीचा मूळचा आमल कार्बोरेटर काढतो आणि नंतरच्या काळातला मिकार्ब बसवतो. जुन्या गाडीच्या धंद्यात याहून वाईट बोलणं नाही. लोक रंगात फरक सहन करतील, ओरिजिनल कार्बोरेटर गेल्याचा संशय नाही. एकेक करून गाड्या उचलून नेल्या. अर्धवट उघडलेल्या गाड्याही नेल्या, पार्ट पोत्यात घालून, माझ्यासमोर मोजून. कामावरची दोन पोरं सोडून गेली. शेड विकायला काढली होती, हे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही.

त्या काळात एकच गाडी दारात उभी असायची. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानाचे मालक, आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांच्या बुलेटला काही झालेलं नसायचं. दिवाळी पाडव्याच्या सौद्यापासून हंगाम सुरू झाला की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी सकाळी गाडी आमच्या दारात लावायचे आणि रिक्षानं यार्डात जायचे. एकदा कुणीतरी त्यांना ऐकवलं, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाले, "माझा कार्बोरेटर मी वळखतो. तुमचा तुम्हाला वळखता येत न्हाई, ह्यात मिस्त्रीचा काय दोष?" मला म्हणाले, "तू शेड इकू नगंस. पैसं लागलं तर सांग." पैसे मी घेतले नाहीत. शेड विकली नाही.

तेव्हापासून गाडी आली की तिचा कार्बोरेटर, मॅग्नेटो किंवा डायनॅमो, चेसिस आणि इंजिन नंबर सगळं वहीत लिहून मालकाची सही घेतो. नव्यानं गॅरेज काढणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं. आणि भागीदारी असेल तर कागद करा, भाऊ असला तरी.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ओसरल्यावर शाहूपुरी कुंभार गल्लीपासून सगळीकडच्या गाड्या टेम्पो भरभरून निघाल्या. किक जाम झालेल्या नव्हत्या, इंजिनात पाणी भरलं होतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन वर येत नाही. अशा गाडीवर दोन पायांनी उभं राहून किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही प्रत्येक गाडीचा प्लग आधी काढला, ऑइल सोडलं. चहासारखं पांढरट निघालं की परत नवं भरलं, परत सोडलं. ज्यांनी कधीकाळी पोत्यात पार्ट नेले होते, त्यांतले काही त्या रांगेत होते. कुणी जुनं काढलं नाही, मीही नाही. भागीदारानं मात्र आजपर्यंत आपला शब्द मागं घेतलेला नाही. रस्त्यात भेटला तर मान हलवतो, मीही हलवतो.

आता थोरला मुलगा माझ्यासोबत आहे. किक जामची गाडी आणायची असेल तर न उघडता आणा. प्लगच्या भोकातून डिझेल किंवा ऑइल सोडून रात्रभर ठेवलेलं चालेल, दुसरं काही करू नका. खोक्यात भरून आणलेलं इंजिन आम्ही घेत नाही. सोमवारी बंद असतो.