आतली बाजू

दुपारी तीनची वेळ, दादरचा पूल जवळजवळ मोकळा. तरी पूल जिथे जिन्याकडे वळतो तिथे माझ्या पुढचे सगळे एकदम मंदावले. समोरून कोणी येत नव्हतं, काही सांडलेलं नव्हतं. पावलं आपोआप आखूड झाली, खांदे जरा आत झुकले आणि वळण संपताच पुन्हा तीच लोकल पकडायची चाल. मीही तेच केलं. लोकल पकडायची नसतानाही.

माझी एक खोड आहे. वळणाची आतली बाजू मला लागतेच. बाहेरून वळलं की चार पावलं जास्त पडतात, ती का म्हणून टाकायची? पण अख्ख्या पुलाला हाच हिशेब सुचलेला असतो. त्यामुळे आत खेटाखेट आणि बाहेरून एखादे निवांत आजोबा पिशवी हलवत आमच्या आधी जिन्याशी पोचलेले. तरी मी आतलीच धरते. आणि नेमकं त्याच कोपऱ्यात कोणीतरी फोन कानाला लावून उभं असतं, "हां, पुलावरच आहे, तू कुठायस?" वळणावर थांबणाऱ्यांबद्दलचं माझं मत छापण्याजोगं नाही.

सदाशिव पेठेतल्या आजोळच्या वाड्यात दिंडी दरवाजापासून चौकापर्यंत एक बोळ होता. मधेच काटकोनात वळायचा. भर दुपारीसुद्धा तिथे अंधार, आणि भिंतींना कायमची ओल. मोठी माणसं वळणाआधी खाकरायची. कोण येतंय ते खाकरण्यावरूनच कळायचं; आजोबांचं दोनदा तुटक, मधल्या बिऱ्हाडातल्या काकांचं लांबलचक, शेवटी "हरी हरी" जोडलेलं. आम्ही पोरं मात्र एक हात भिंतीला घासत तस्सेच सुसाट वळायचो. तळहात चुन्याने पांढरा. एकदा मावसभाऊ असाच वळला तो थेट सोवळ्यातल्या आजीवर आदळला. आजीला लागलं काहीच नाही, पण पुन्हा अंघोळ आली, स्वयंपाक लांबला आणि त्या दिवशी सगळ्यांनाच उशिरा, अबोल जेवण मिळालं. नंतर कितीतरी दिवस आम्ही आठ-नऊ वर्षांची पोरं म्हाताऱ्यांसारखी खाकरत बोळातून जात होतो.

वळणाला माणूस बिचकतो, हे गड बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. रायगडाचा महादरवाजा गोमुखी बांधणीचा. दोन बुरुजांच्या कवेत असा दडवलेला, की पार जवळ जाईपर्यंत दिसत नाही. चढून आलेल्या फौजेचा जोर त्या वळणातच मोडायचा, हत्तीलाही दरवाजावर धडक द्यायला सरळ धाव मिळायची नाही आणि वरून बुरुजावरचे लोक मारा करायला मोकळे. शनिवारवाड्यातही तीच युक्ती. दिल्ली दरवाजा ओलांडला तरी नाकासमोर आत शिरता येत नाही, आधी उजवीकडे, मग डावीकडे. सहलीला आलेली पोरंसुद्धा तिथे जरा गप्प होतात.

गर्दीच्या चालीवर संशोधन करणारेही आहेत. 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातल्या आणि जर्मनीतल्या माणसांना लंबगोल वाटेवरून एकामागे एक चालवलं होतं. दाटी वाढली तसा दोघांचाही वेग उतरला, पण आपल्या लोकांचा कमी. पुढच्याच्या पाठीला चिकटून चालायचं आपल्याला काही वाटत नाही. हे वाचून मला, खरं सांगते, अभिमान वाटला होता.

पण असे पाठीला चिकटून चालणारे पुढे अडले, की मागच्याला ते कळतच नाही. तो ढकलत राहतो. 29 सप्टेंबर 2017, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी जोराचा पाऊस आला म्हणून एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसं थांबली, गाड्यांमधून आणखी माणसं येत राहिली आणि अरुंद जिन्यावर 23 जण चेंगरून गेले. त्या जिन्याला कोणतीही फौज अडवायची नव्हती. पुढे तिथे नवा पूल लष्कराने बांधला, 2018 च्या फेब्रुवारीत तो खुलाही झाला. काही महिन्यांत झालं की काम! जुना पूल पुरत नाही, हे रोजचे प्रवासी त्याआधी कितीतरी वर्षं सांगत होते.