सांजांव, अलीशिबा आणि आमचं 'कोठवर'

मी गोव्यात राहायला आले तरी नगरच्या आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एक मावशी फोनवर अजूनही 'तिकडे फॉरेनला पाऊस कसा आहे?' असंच विचारतात. अगदीच चूक नाही म्हणा; 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोवा खरोखरच पोर्तुगालच्या ताब्यात होता. आणि आपल्यासारख्या मराठी प्रोटेस्टंटांना इथं थोडं परकं वाटतंच. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, कोकणीत, गायनाची पुस्तकं रोमन लिपीत, आणि आपल्याकडे नसलेले संतांचे सण वर्षभर एकामागून एक.

त्यातला एक सण मात्र मी मनापासून आपला मानलाय. 24 जूनचा सांजांव, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस, नाताळच्या साधारण सहा महिने आधी. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल, घुमट या मातीच्या वाद्याचा ताल, आणि 'व्हिवा सांजांव!' म्हणत पोरं धडाधड विहिरीत उड्या मारतात. शिवोलीला तर होड्या सजवून नदीतून मिरवतात. येशूची आई मरीया हिचा आवाज ऐकून योहानाची आई अलीशिबा हिच्या पोटातल्या बाळानं उडी मारली, तीच ही उडी, असं इथले लोक सांगतात.

या दिवशी नव्या जावयांचा थाट असतो, तान्ह्या बाळाच्या घरी तर विचारूच नका. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आणि पाळणा हललेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे गेल्या वर्षी शेजारच्या आंटी हाक मारायला आल्या, तेव्हा माझा पाय निघेना. त्यांनी काही विचारलं नाही. 'आयज भिजल्याबगर सांजांव जायना' (आज भिजल्याशिवाय सांजांव होत नाही) म्हणत सरळ माझ्या डोक्यावर कोपेल ठेवलं. ओल्या वेलीचा चीक कपाळाला लागून खाज सुटली, पाणी मानेवरून पाठीत उतरलं, आणि मी त्या बायकांबरोबर टाळ्या वाजवत उभी राहिले.

घरी येऊन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पुन्हा काढला. अलीशिबेचं मूल आपण लक्षात ठेवतो, पण लूक आधी काय सांगतो ते बघा. तिचा नवरा जखऱ्या आणि ती दोघंही देवापुढे नीतिमान, आज्ञांत निर्दोष. आणि लगेच पुढच्या वचनात, त्यांना मूल नव्हतं. दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी! 'विश्वास कमी पडतोय', 'कुठलं तरी पाप आड येतंय' असं सुचवणाऱ्यांनी ही दोन वचनं एकदा सलग वाचावीत. जखऱ्या तर याजक. आयुष्यभर देवाची सेवा केली, आणि देवदूतानं बातमी आणली तेव्हा त्यालाही खरं वाटेना. मुका झाला बिचारा, पण मूल काही देवानं परत घेतलं नाही. माझ्यासारख्या शंकेखोर बाईला त्याचा फार आधार वाटतो.

बायबलमधल्या तेराव्या स्तोत्रात दावीद राजा पहिल्या दोनच वचनांत चारदा 'कोठवर' असं विचारतो. एवढं भांडून झाल्यावर शेवटी गातोसुद्धा. परिस्थिती बदलल्याचा त्यात कुठं उल्लेख नाही. आमची चार मराठी कुटुंबं रविवारी एका घरी जमतात, तिथं हे स्तोत्र मीच वाचायला घेतलं. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका काकांनी पेटी पुढं ओढली.

अलीशिबेला झालं म्हणून मलाही होईलच, असं मी मानत नाही. तिची गोष्ट म्हणजे हमीपत्र नव्हे, आणि तिला तसं वापरणारी भाषणं मला सहन होत नाहीत. तरी आशा सुटत नाही. डॉक्टर, तपासण्या, इंजेक्शनं चालू आहेत. त्यालाही कोणी अविश्वास म्हणू नये.

मावशी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. बुधवारच्या प्रार्थनेत आमचं नाव जरूर घ्या. फक्त प्रार्थना ऐकली गेली अशी मंडळीपुढे साक्ष द्यायची तारीख एवढ्यात ठरवू नका. आणि हो, जूनमध्ये या इकडे. कोपेल मी बांधून देईन, विहिरीत उडी मारायची सक्ती नाही.